नानांची डावी बाजू

नाना कधीही चुकत नसत. चुकायचा तो त्यांचा मेंदू, आणि तोही फक्त डावीकडचा.

गिरगावात आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या या गृहस्थांना कसलाही जाब विचारा, ते गळ्याभोवतीचा रुमाल खाली ओढत, जबड्याखालचा व्रण दाखवत आणि गंभीरपणे म्हणत, "रक्त पोचलं नाही तिथं!" झालं, खटला निकाली.

व्रण मात्र खरा होता. मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या डाव्या शिरेला फुगा आला होता. लिंबाएवढा, आणि बोट ठेवलं की आत धडधडायचा. डॉक्टर म्हणाले, हा फुटला तर माणूस गेला, तेव्हा शीर बांधून टाकायला हवी. पण ती बंद झाल्यावर मेंदू तग धरेल का, हे आधी बघायचं होतं. त्यासाठी डॉक्टर अंगठ्यानं शीर थोडा वेळ दाबून धरणार आणि नाना बोलत राहणार. त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, ते बघवेना, म्हणून इस्पितळात मी गेलो.

डॉक्टरांनी घरच्या माणसांची नावं घ्यायला सांगितलं. नानांनी काकूंपासून सुरुवात केली, मग मुलं, सुना, जावई, आणि मध्येच ते गप्प झाले. उजवा हात लुळा पडला. तोंड उघडं, डोळे भिरभिरतायत, पण शब्द नाही. डॉक्टरांनी अंगठा उचलला, तसा जरा वेळानं हात हलला आणि वाचा परत आली. पुढं रोज थोडं थोडं दाबून मेंदूला सवय लावली, क्लोरोफॉर्म देऊन शीर बांधली आणि नाना ठणठणीत होऊन घरी आले.

डॉक्टरांच्या मते ठणठणीत. नानांचं मत वेगळं होतं. कोथिंबीर आणायला पाठवलं की ते हात हलवत परत येत. देवळात जाताना जुनी छत्री नेत आणि येताना कुणाची तरी नवी घेऊन येत. रक्त पोचलं नाही तिथं! स्वतःच्या सासूबाई मुक्कामाला आल्या तेव्हा नानांनी दारातच हात जोडून विचारलं, "आपण कोण?" सासूबाई दुसऱ्या दिवशी माघारी गेल्या. काकूंचा अबोला त्याहून जास्त टिकला.

"मग बेसनाचे लाडू कुठल्या डब्यात आहेत, ते बरं आठवतं!" काकू एकदा फणकारल्या.

"लाडू उजवीकडे असतात. दाबलं डावीकडे," नाना म्हणाले.

लाडू, ताजे बोंबील आणि बुद्धिबळ उजवीकडे. कारलं, सासुरवाडी आणि यच्चयावत घरकाम डावीकडे. अधूनमधून एखादी वस्तू बाजू बदले. कारल्यात ओलं खोबरं पडलं की ते निमूटपणे उजवीकडे येई.

नानांचा धाकटा भाऊ बाबू भायखळ्याला राहत असे. फार वर्षांपूर्वी बुद्धिबळ खेळताना बाबूकाकांनी वजीर ठेवला आणि लगेच मागं घेतला. नाना म्हणाले, ठेवला तो ठेवला. बाबूकाकांनी पटच उधळला. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचा उंबरा ओलांडला नव्हता, पुतणीच्या लग्नालासुद्धा नाना गेले नव्हते. नाना इस्पितळात असताना बाबूकाका फाटकापर्यंत येऊन परत फिरले, ते मी पाहिलं होतं. नानांना सांगितलं, तर त्यांनी कूस बदलली.

आणि एके दिवशी दुपारी नाना टोपी घालून माझ्या दारात. "चल भायखळ्याला. मला रस्ता आठवायचा नाही."

बाबूकाकांनी दार उघडलं आणि ते तिथंच खिळले. "दादा? आज कसं काय?"

"आज म्हणजे? मागच्या रविवारी नव्हतो का आलो?"

"अरे, आपलं बोलणं बंद आहे ना?"

"बंद? ते कशावरून?" नानांनी रुमाल खाली ओढला. "रक्त पोचलं नाही तिथं."

बाबूकाकांनी व्रणावरून हलकेच बोट फिरवलं. "दुखतं का रे?"

पट मांडला गेला. डाव रंगात आला आणि बाबूकाकांनी वजीर ठेवला. ठेवल्यावर चूक लक्षात आली. त्यांचा हात पुढं गेला आणि वजिरावर अधांतरी थांबला.

नाना खिडकीकडे वळले. "बाबू, तुझ्या शेवग्याला शेंगा बऱ्या लागल्यात की!"

बाबूकाकांनी वजीर मागं घेतला आणि डाव जिंकला.

परतताना ट्राममध्ये मी विचारलं, "नाना, त्या भांडणातलं खरंच काही आठवत नाही?"

"काळा वजीर. माझ्या घोड्याच्या तोंडी आणून ठेवलान गधड्यानं!"

"मग?"

नानांनी ट्रामच्या घोड्यांकडे नजर वळवली. "डॉक्टरांनी मान दाबली, तेव्हा नावं घेत होतो बघ. बाबूचं घ्यावं की नको, म्हणून जरा अडलो. मग म्हटलं, घेऊ. तर शब्दच फुटेना. एवढासा बाबू समोर दिसतोय रे, आणि मला हाक मारता येत नाही. फार भ्यालो मी."

मी त्यांचा हात धरला.

नानांनी गळ्यातला रुमाल सोडून डोळे पुसले, पुन्हा नीट बांधला आणि दटावून म्हणाले, "घरी यातलं अक्षर बोलू नकोस. नाहीतर उद्यापासून कोथिंबीर आणावी लागेल."