दमाल तुम्ही!

माई रुवाचं मन दगडाचं होतं. असं ती स्वतःच सांगायची, तेही छाती फुगवून! "टाकलेली कुत्री आणायची, माणसात आणायची, चांगलं घर मिळालं की देऊन टाकायची. अकरा दिली! डोळ्यांतून टिपूस नाही!" आमच्या दांगाम्वुरा वस्तीतल्या सगळ्यांना हे पाठ झालं होतं.

मग बारावा आला. तांबूस, एका कानाचा, तीन पायांवर चालणारा आणि चौथ्यानं खाजवणारा. प्राणिसंस्थेचा सिंबा म्हणाला, "माई, याला नवीन नाव देऊ नका. बिचाऱ्याचं सगळं गेलंय, नाव तरी राहू दे."

"काय नाव?"

"मुचानेता."

म्हणजे आमच्या भाषेत ‘दमाल तुम्ही’, माझं वाईट चिंतून! आता आमच्याकडे कुत्र्याचं नाव कुत्र्यासाठी कधीच नसतं, शेजाऱ्यासाठी असतं. जे तोंडावर बोलता येत नाही ते कुत्र्याला हाक मारून बोलायचं. जुन्या मालकाचं कुणाशी वाकडं होतं कोण जाणे. आपण सोयीसाठी त्याला ‘दमाल’च म्हणू.

सकाळी माई रुवानं हाक दिली, "दमाल तुम्हीऽऽ!" कुंपणापलीकडे माई तारिरो भाजीचा वाफा खणत होती. आंब्याच्या फांदीवरून दोघींचं नुकतंच वाजलं होतं. तिची कुदळ हवेतच थांबली.

"कुणाला म्हणता?"

"कुत्र्याला!"

"कुत्र्याच्या आडून मला! कळतं हो सगळं!"

संध्याकाळपर्यंत माई तारिरोच्या कोंबड्याचं बारसं झालं. नाव, ‘आधी तू’! मग काय विचारता! इकडून "दमाल तुम्ही!", तिकडून "आधी तू!" चर्चमधल्या बायकांचे दोन तट पडले. एकीकडच्यांनी दुसरीकडच्यांना गाताना सूर देणं बंद केलं.

दमालला न्यायला एक जोडपं आलं. माई रुवानं हाक मारली, पलीकडून उत्तर आलं, कोंबडा आरवला. जोडप्यानं चहासुद्धा घेतला नाही. दुसरं कुटुंब तर फाटकातूनच परतलं.

"नेतच नाही मेलं कुणी!" माई रुवा कुरकुरली आणि कोंबडीची तंगडी दमालपुढे टाकली. स्वतःच्या ताटात तिनं नुसती मान ठेवली होती. त्याचं डोकं तिच्या पावलावर असलं की ती पाय हलवत नसे. मुंग्या आल्या तरी!

सिंबाचा फोन आला. "माई, शनिवारपर्यंत घर मिळालं नाही तर त्याला हरारेला पाठवावं लागेल. पिंजऱ्यात."

माई रुवाची झोप उडाली. पिंजऱ्यात? हा? याला तर बंद दाराचीही भीती वाटते!

शुक्रवारी फाटक वाजलं. माई तारिरो! डोक्याला चर्चचा रुमाल, हातात दोरी.

"द्या इकडे तो कुत्रा. मी पाळते."

"तुम्ही?"

"मीच! एकदा तो माझ्या दारात आला की बघते, कुणाला टोमणे मारता ते!"

दमाल तिचा हात चाटत होता. माई तारिरोनं कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्याचा कान कुरवाळला. माई रुवानं ते पाहिलं, आणि संस्थेच्या कागदावर सही केली. टिपूस नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सवयीनं दोघांचा साद्झा शिजवला. मक्याच्या त्या वाफाळत्या लगद्याची ताटली घेऊन ती अंगणात आली, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पलीकडून दणदणीत हाक आली, "दमाल तुम्हीऽऽ! ये रे बाळा!"

"कुणाला म्हणता?" माई रुवा ओरडली.

"कुत्र्याला हो! दुसऱ्या कुणाला?"

दमालनं कुंपणातून तिच्याकडे पाहिलं, शेपूट हलवलं आणि तो तिकडच्या ताटलीकडे पळाला. त्याला घर मिळालं होतं. चांगलं मिळालं होतं. माई रुवा पायरीवर बसली आणि जी रडायला लागली ती थांबेचना!

कुंपणावर रुमाल दिसला. "रडताय?"

"कांदा!"

"साद्झ्यात कांदा?"

माई रुवानं नाक पुसलं आणि आत जाऊन फोन लावला. "सिंबा, तेरावा आण. पण साध्या नावाचा हं!"

"आहे ना माई, आजच आलाय. हाकेला लगेच येतो."

"काय नाव?"

सिंबा जरा घुटमळला. "‘रडलात ना?’"