जमिनीवरचा पहारा

एका जंगलात, बाळांनो, पहाऱ्याचं काम वानरांकडे होतं. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वानर सादड्याच्या उंच झाडांच्या शेंड्यावर बसायचे आणि कोवळा पाला खाली टाकायचे. चितळं तो खायची. गवतात बिबट्या हलला की वानर खेकसायचे आणि चितळं पळायची.

मग नदीपलीकडून शिकारी कुत्र्यांची फौज आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिचा कप्तान म्हणाला, "आम्ही बिबट्याचा बंदोबस्त करायला आलोय. तुमचे पहारेकरी तयार झाले की लगेच परत जाऊ."

"तयार म्हणजे कसे?" डोंगरू नावाच्या वानराने विचारलं.

"म्हणजे आमच्यासारखे."

प्रशिक्षण सुरू झालं. कुत्र्यांना झाडावर चढता येत नाही, म्हणून झाडावर चढणं ही बेशिस्त ठरली. वानरांनी जमिनीवर रांगेत चालायचं. धोका दिसलाच तर आधी कप्तानाची परवानगी घ्यायची, मग भुंकायचं. डोंगरूला भुंकणं काही जमेना. घशात बी अडकल्यासारखा आवाज यायचा. तरी तो पहाटे उठून सराव करायचा. आपण पास झालो तर ही फौज जाईल, एवढं त्याला कळत होतं.

त्या दिवसांत बिबट्या फारसा कुणाला दिसत नव्हता. पाडसं मात्र नाहीशी होत होती.

"बघा, किती धूर्त झालाय तो!" कप्तान म्हणायचा. "प्रशिक्षण वाढवावं लागणार."

अखेर परीक्षेचा दिवस उजाडला. नदीपलीकडचे बडे कुत्रे मुद्दाम आले. वानर रांगेत उभे राहिले. शेजारीच ठिपकी नावाची हरणी आपल्या एकुलत्या पाडसाला घेऊन चरत होती. एकदम तिने नाक वर केलं.

"डोंगरू, मेल्या, वास येतोय! वर चढून बघ की."

"मावशी, आज नको गं. रांग मोडली तर नापास होईन. मग हे जायचे नाहीत."

"आणि माझं लेकरू गेलं म्हणजे?"

डोंगरूने समोर पाहिलं. त्याच्या डोक्याहून उंच गवत, दुसरं काहीच नाही. मग त्याने पाडसाकडे पाहिलं आणि तो सरसर शेंड्यावर गेला.

बिबट्या अगदी एका झेपेवर होता. डोंगरू खेकसला, थेट आपल्या आज्यासारखा. चितळं उधळली. बिबट्या तोंड पाडून निघून गेला.

पण डोंगरू थांबेना. आता त्याचं तोंड छावणीकडे होतं. छावणीमागे एक खड्डा होता, खालून कधीच न दिसणारा. त्यात हाडांचा ढीग होता, आणि त्यात इवले इवले खूर.

"खाली ये!" कप्तान गुरगुरला. "बिबट्या गेला ना? मग कुणावर ओरडतोस?"

डोंगरू खेकसतच राहिला. एकेक करत सगळे वानर रांग सोडून वर चढले आणि तिकडेच तोंड करून खेकसू लागले. जरा लांब जाऊन थांबलेल्या ठिपकीने कान टवकारले, पाडसाला ढुशी दिली आणि छावणीकडे पाठ करून ती पळत सुटली.

बड्या कुत्र्यांनी तिथल्या तिथे निकाल सांगितला. सगळे नापास. फौजेचा मुक्काम वाढला. बेशिस्तीचं मूळ म्हणून जंगलातली उंच झाडं पाडायचं ठरलं. झाडं कशी पाडायची ते कुत्र्यांना येत नव्हतं, म्हणून त्याचंही प्रशिक्षण वानरांनाच देणार आहेत.

तात्पर्य: पहारेकऱ्याने झाडावर कधीही चढू नये. तिथून बिबट्या दिसतो हे खरं, पण मग बाकीचंही दिसायला लागतं.