सुभेदारांचे दोन वटवटे

ज्यानं आभाळातलं विमान ओळखलं, त्याला पाखरू ओळखणं म्हणजे हातचा मळ! निदान आष्ट्याच्या सुभेदार कृष्णातांचं तरी मत असं होतं. ब्रह्मदेशच्या लढाईत विमानं पाडणाऱ्या तोफेवर त्यांनी मान वर करून वर्षं काढली. पंख, शेपूट, नाक बघायचं आणि सांगायचं, आपलं की जपान्याचं! एकदाही चूक झाली नाही. झाली असती तर आष्ट्याला परत आलोच नसतो, हा त्यांचा बिनतोड पुरावा.

शेहेचाळीसच्या थंडीत लढाई संपलेली होती, विमानं गेली होती, मान मात्र वरच राहिली होती! मग सुभेदार ओढ्याकाठच्या बाभळीवरचे वटवटे बघू लागले. वटवट्या म्हणजे अंगठ्याएवढं, शेवाळी रंगाचं पाखरू. एक बघितलं की सगळी बघितली! पण सुभेदारांना त्यांत दोन जाती दिसल्या. एकीच्या पंखावर तांदळाच्या कणीएवढी फिकी पट्टी, दुसरीचा पंख कोरा.

सांगलीच्या कॉलेजात शिकवणारे प्रोफेसर घैसास हे ऐकून हसले. "अहो सुभेदार, जात एकच! एकाची पिसं नवी, दुसऱ्याची झिजलेली. पट्टी झिजून जाते."

"हातात आणून दावतो, साहेब! दोन जाती न्हाई दिसल्या, तर ही दुर्बीण तुमच्या टेबलावर ठिवीन आन् पुन्यांदा पाखराकडं बघायचा न्हाई!"

दुर्बीण पलटणीतल्या गोऱ्या साहेबानं निरोपाच्या वेळी दिलेली. घरात देवांच्या खालोखाल मान तिचा. सुभेदार झोपतानासुद्धा ती गळ्यातून काढत नसत.

आता माघार नाही! सुभेदारांनी पलटणीतली मच्छरदाणी दोन बाभळींच्या मधे ताणून बांधली. आधी तात्याबा धनगराचं करडू अडकलं. ते सोडवायला आलेला तात्याबाही अडकला.

"सुभेदार, आमी काय डास हाय का जपानी?" तो आतून ओरडला.

"हालू नगंस! पाखरं बुजत्यात!"

अखेर एका संध्याकाळी दोन वटवटे घावले. एक पट्टीचा, एक बिनपट्टीचा! सुभेदारांनी दोन्ही टोपलीत घातले आणि बायकोला हाक मारली.

"अंबू, दोघी जावा-जावा हायत असं समज. ह्या पट्टीवालीला कायतरी खूण करून ठिव. उद्या सांगलीत गडबड नगं."

"व्हय," अंबूबाई म्हणाल्या. सुभेदार निर्धास्त झोपले.

सकाळच्या मोटारीनं, टोपलीवर फडकं बांधून, ते विश्रामबागेत घैसासांच्या बंगल्यावर पोहोचले. प्रोफेसर अंघोळीला गेले होते. अंगणातल्या हौदापाशी बसून सुभेदारांनी हळूच फडकं उचललं आणि त्यांची बोबडीच वळली!

दोन्ही पाखरं चोचीपासून शेपटीपर्यंत पिवळीजर्द! मांडवात बसलेल्या दोन नवऱ्याच जणू! सुभेदारांनी वास घेतला. हळद! पंखावरची पट्टी त्यात पार बुडून गेलेली.

पण सुभेदार हटणारे नव्हते. हौदावर कपड्यांचा साबण होता. त्यांनी एक वटवट्या मुठीत धरला, बोटाला फेस लावला आणि पंख चोळायला लागले.

हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक असतं. पलटणीत शिकवत नाहीत. सुभेदार जितकं चोळत, तितकं पाखरू लाल! घाबरून त्यांनी ते परत टोपलीत टाकलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आणलेत का?" पंचा गुंडाळलेल्या घैसासांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि हौदाच्या कठड्यावर मटकन बसले. "एक पिवळी... एक लाल! सुभेदार, मी हरलो!"

"साहेब, रंगाकडं बघू नगा! पट्टीकडं बघा!"

"पट्टी कसली घेऊन बसलात! आंधळ्यालाही दोन जाती दिसतील!"

"आवं, पर ह्यो रंग..."

"विनय पुरे!" घैसास गरजले. त्या आवाजानं दोन्ही पाखरं भुर्रकन उडाली आणि कडुनिंबात दिसेनाशी झाली.

'हळद' हा शब्द सुभेदारांच्या जिभेवर आला होता. पण हात दुर्बिणीवर होता. शब्द गिळला गेला.

घरी येताच त्यांनी आवाज चढवला. "एकीला खूण कर म्हटलं, तर दोघींना हळद फासलीस?"

"मंग!" अंबूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "दोघी सवाष्णी दारात आल्या. एकीला हळद लावायची आन् दुसरीनं निस्तं बघत बसायचं? काय म्हणंल ती! कुंकू बी लावणार व्हते, पर कपाळ पुरलं न्हाई."

"आन् आंगभर का?"

"हालत व्हत्या की लय! बरं, जिकला का हरला?"

"जिकलो."

"मंग त्वांड असं का?"

सुभेदारांनी गळ्यातली दुर्बीण चाचपली. मग छाती काढून, हुकूम सोडावा तसे बोलले.

"रईवारी घैसास साहेब सगळा वर्ग घिऊन येणार हाय. आष्ट्याची लाल पाखरं बघाय. घरात हळद किती हाय?"