नवव्या पेठेंत एका मतानें जाहला अनर्थ, त्याची बखर

विघ्नहर्त्या गजाननाचे चरणीं मस्तक ठेवून, शारदेस प्रार्थून कीं लेखणी सत्यावरून रेसभरही ढळों देऊं नये, आणि श्रोते सज्जनांस दंडवत करोन, पश्चिम समुद्रापलीकडील एका महानगरांत जें अघटित वर्तलें तें यथामति निवेदन करितों. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध चतुर्दशी, भौमवासर, ते दिवशीं त्या नगरीं नगरसभेची निवडणूक नेमिली होती.

त्या राज्यास राजा नाहीं, छत्र नाहीं, चवरी नाहीं. दहा लक्ष वस्तीचें नगर, त्याच्या पेठा पंधरा, आणि दर पेठेनें आपला एक सभासद निवडोन नगरसभेंत पाठवावा, आणि त्यानें चार वर्षें रस्ते, पाणी, दिवे, ग्रंथागारें यांचा बंदोबस्त पाहावा, ऐसी तेथील चाल. नवव्या पेठेची गादी बारा वर्षें डोलोरेस व्हिटाकर नामें बाईंकडे चालत होती. या बाई पूर्वीं नगराची बस हांकीत असत, आवाज खणखणीत, बोलणें रोखठोक, आणि बस हांकणारी बाई सभेंत बसली याचें तेथें कोणासही नवल वाटत नसे, हें ऐकोन आम्हांस प्रथम नवल वाटलें. त्याच पेठेंत राजश्री हेरंबराव चांदोरकर, मूळ वस्ती वाई, औषधांचें दुकान चालवोन सव्वीस वर्षें राहत होते. प्रथम आले तो ऐन हिंवाळा, ओळखीचें माणूस एक नाहीं, मग पेठेचे ग्रंथागारांत जाऊन बसावें, ऊब घ्यावी, वर्तमानपत्रें वाचावीं आणि दिवस लोटावा, ऐसे चार मास त्यांनीं काढिले. पुढें त्याच ग्रंथागाराचे तळघरांत त्यांचे कुटुंब मृणालिनीबाई दर शनिवारीं सकाळीं अकरा मुलांस मराठी अक्षरें गिरवूं शिकवीत. तंव डोलोरेस बाईंनीं पत्रक छापोन घरोघर वाटिलें, त्याची पहिलीच ओळ ऐसी कीं ग्रंथागाराचें छत गळतें, विटा ढासळतात, सबब निवडून येतांच तें बंद करोन तेथें वाहनतळ करीन. हें वाचोन रावांचें जेवणावरील चित्त उडालें, आणि ज्यांनीं आजन्म कोणाशीं चढा स्वर लाविला नाहीं ते राव गादीसाठीं उभे राहिले.

मग मोहीम सुरू जाहली. त्या मुलुखीं उमेदवारानें खासा पायीं दारोदार जावें, कडी वाजवावी, आणि गृहस्थ बाहेर आला म्हणजे हसोन मत मागावें, ऐसी रीत. कित्येक ठिकाणीं गृहस्थाआधीं श्वान बाहेर येई आणि रावांचे विजारीस धरी, तरी राव "छान आहे हो कुत्रें" म्हणोन तैसेच उभे राहत. अंगणोअंगणीं हिरवळीवर नांवांच्या पाट्या रोविल्या, एका शेजाऱ्याची पाटी रावांची तर दुसऱ्याची बाईंची, आणि ते दोघे शेजारी पाट्यांमध्यें उभे राहून पाऊसपाण्याच्या गप्पा मारीत. वैरी ऐसे असतात काय? पेठेंत मतदार चाळीस सहस्र. त्यांतील मत देणारे साडेदहा सहस्रांसही पुरते भरले नाहींत. उरलेले कोठें होते तें कोणास ठाऊक नाहीं, आणि कोणी पुसतही नाहीं.

आणिक एक रीत ऐकोन मन स्तंभित होतें. मतपत्र टपालानें घरीं येतें. तें घरीं बसोन वाचावें, आवडत्या नांवापुढील वर्तुळ काळ्या शाईनें भरावें, लखोट्यांत घालावें, वरती सही करावी आणि रस्त्यावरील पेटींत सोडावें. पहारा नाहीं, शिपाई नाहीं. तीं मतपत्रें ऐन दिवाळींत आलीं. मृणालिनीबाईंनीं आपलें मतपत्र जेवणाचे टेबलावर, चकल्यांचें ताट बाजूस सारोन, ठसठशीत भरिलें. राव मात्र आपलें मतपत्र घेऊन देवघरापुढें जाऊन बसले. समोर वडिलांची तसबीर. वडील वाईस ग्रंथालयाचे मंडळावर तीस वर्षें निवडून येत, आणि प्रत्येक खेपेस आपलें मत प्रतिस्पर्ध्यास देत. ते रावांस सांगत, "आपण उभे राहिलों कीं मत समोरच्यास द्यावें, बाळ. स्वतःस मत देणें म्हणजे पंगतींत स्वतःच्या पानांत स्वतः वाढून घेणें." तेथें समोरचेही तैसेंच करीत, म्हणोन तेथें कधीं बिघडलें नाहीं. रावांनीं घटकाभर विचार केला, तसबिरीकडे पाहिलें, आणि डोलोरेस बाईंचे नांवापुढील वर्तुळ काळ्या शाईनें, कड न सोडतां, भरिलें.

पुढें कार्तिक वद्य पक्षांत मतें मोजोन जाहलीं. यंत्रानें मोजिलीं, संशय आला म्हणोन हातांनीं पुन्हां मोजिलीं, आणि दोन्ही खेपेस एकच आंकडा निघाला. डोलोरेस व्हिटाकर, पांच सहस्र दोनशें बारा. हेरंबराव चांदोरकर, पांच सहस्र दोनशें अकरा. दोन प्रहरीं दुकानांत फोनवर हें वर्तमान आलें, तों मृणालिनीबाई हातांतील औषधाची बाटली खालीं ठेवून मटकन् बसल्या आणि म्हणाल्या, "एका मतानें! अहो, एका मतानें! कोण हो तो मेला? त्या एकानें तिकडचें मत इकडे दिलें असतें तर गादी आपली होती. सांपडूं दे मला, उंबऱ्यावर उभा करोन विचारीन, ग्रंथागारानें तुझें काय घोडें मारिलें होतें?" रावांनीं ती बाटली उचलोन फळीवर ठेविली. मग म्हणाले, "अगं, तो उंबऱ्याच्या आंतच आहे." बाईंनीं आधीं मागें वळोन पाहिलें, गिऱ्हाईक कोणी नव्हतें. मग रावांकडे पाहिलें. श्रोतेहो, ज्या बाईंचा आवाज अकरा मुलांवर तळघरांतून रस्त्यापर्यंत पोहोंचे, त्या बाई कुजबुजल्या तें एवढेंच कीं, "चकल्या तळतांना मी एकदां तरी डोकावोन पाहायला हवें होतें."

त्यावर राव म्हणाले, "अगं, शिष्टाचार दोन्हीकडे असतो. त्यांनींही मला दिलें असेल, मग दोन्ही फिटलीं." बाई म्हणाल्या, "चला तर, विचारूंच." त्या देशीं हरलेल्यानें जिंकलेल्याचें अभिनंदन करावें ऐशी चाल आहेच, म्हणोन दिवाळींतील बेसनाचे लाडू डब्यांत घालोन उभयतां डोलोरेस बाईंचे दारीं गेलीं. बाईंनीं आनंदानें आंत बसविलें. त्यांचे जिव्हेस हेरंब हें नांव वळत नसे, त्या हॅरी म्हणत. लाडू हातीं घेऊन त्या म्हणाल्या, "हॅरी, बारा वर्षांत ऐसा घाम मला कोणी फोडिला नव्हता." मृणालिनीबाई म्हणाल्या, "एक विचारूं का? आपण मत कोणास दिलेंत?" डोलोरेस बाई खो खो हंसल्या, "मला! आणखी कोणास? माझ्या मांजरीस मत असतें तर तेंही घेतलें असतें." मग राव घसा साफ करोन म्हणाले, "मींही आपल्यासच दिलें." लाडू तोंडाशीं नेलेला तेथेंच राहिला. बाईंनीं रावांस आपादमस्तक न्याहाळिलें आणि हळूंच पुसिलें, "हॅरी, त्या दिवशीं तुम्हांस बरें नव्हतें काय?" राव म्हणाले, "प्रकृति उत्तम होती. आमचेकडे तशी रीत आहे." बाई उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. "म्हणजे मी तुमच्या मतावर बसलें आहें! हें मी परत कसें करूं? मतपत्र लखोट्यांतून एकदां बाहेर काढिलें कीं कोणाचें कोणतें तें कोणासही सांगतां येत नाहीं. हें मला सांगितलेंत तरी कशाला?" राव म्हणाले, "परत नको. दिलें तें दिलें, उसनें दिलें नाहीं." मृणालिनीबाई डब्याचें झांकण लावीत म्हणाल्या, "मी तर उसनेंच धरितें." डोलोरेस बाई दारापर्यंत पोहोंचवावयास आल्या.

पुढें माघ शुद्ध पंचमी, भृगुवासर, साक्षात् सरस्वतीचा दिवस, आणि त्याच दिवशीं ग्रंथागाराचा विषय नगरसभेपुढें आला, ही दैवाची थट्टा म्हणावी कीं काय! सभेची रीत ऐशी कीं कोणीही नागरिकानें उठोन दोन मिनिटें बोलावें, घंटा जाहली कीं बसावें. रावांचें नांव पुकारिलें. मृणालिनीबाई कानाशीं लागोन म्हणाल्या, "आज सांगा. सर्वांसमोर सांगा, कोणाच्या मतावर ती बसली आहे तें." राव उभे राहिले. डोलोरेस बाईंचा चेहरा पांढरा पडला. आणि राव बोलले तें ऐसें, "सव्वीस वर्षांमागें मी येथें आलों तेव्हां माझें नांव घेऊन हांक मारणारें या नगरांत कोणी नव्हतें. ग्रंथागारांतील बाईंनीं तिसरे दिवशीं माझें नांव विचारिलें आणि कागदावर लिहून घेतलें, आणि चवथे दिवशीं त्या नांवानें हांक मारिली. छत गळतें हें खरें आहे. मी त्याखालींच बसत होतों." एवढें बोलोन घंटेआधींच बसले. मताचा उच्चार केला नाहीं. मृणालिनीबाईंनीं कपाळास हात लाविला. मग एकेका सभासदास पुसत गेले, राखावें कीं बंद करावें. सात म्हणाले राखावें, सात म्हणाले बंद करावें, आणि शेवटीं डोलोरेस बाईंची पाळी आली. बाईंनीं हातांतील कागदाची घडी घातली. बाई म्हणाल्या, "बंद करावें."

सभेबाहेर ओसरीवर मृणालिनीबाईंनीं त्यांस गांठिलें. "डोलोरेस, लाज कशी वाटली नाहीं?" त्या म्हणाल्या, "वाटली. दोन महिने मला नीट जेवण गेलें नाहीं. परंतु मी पहिल्या ओळींत लिहिलें होतें कीं बंद करीन, आणि पांच सहस्र दोनशें बारा माणसांनीं तें वाचोन मला मत दिलें. त्यांस मी तोंड काय दाखवूं? हॅरी, तुम्हीं माझें पत्रक वाचलें होतेंत ना?" राव म्हणाले, "वाचलें होतें." "पहिली ओळ?" "पहिली ओळही." "मग?" सव्वीस वर्षें ज्या रावांनीं वैद्याचें कसलेंही अक्षर वाचोन अचूक औषध दिलें, त्यांनीं या एका शब्दापुढें हात जोडिले. डोलोरेस बाईंनींही डोळे पुशीत मान लवविली, आणि मंडळी आपापल्या वाटेनें गेली. रावांस बोल लावावा तर त्यांनीं अधर्म केला नाहीं, बाईंस लावावा तर त्यांनीं वचन मोडिलें नाहीं, आणि ग्रंथागार तर गेलें. ऐसा अनर्थ आम्हीं ऐकिला नव्हता.

माघ सरतां ग्रंथागारास कुलूप पडलें. अकरा मुलें आतां शनिवारीं औषधांचे दुकानामागें, खोक्यांवर बसोन अक्षरें गिरवितात, त्यांतील दोघांस कफाचे औषधाचा वास आवडूं लागला आहे. एके दिवशीं दुकान मांडितां मांडितां मृणालिनीबाई म्हणाल्या, "पुढील खेपेस उमेदवार मी." राव म्हणाले, "उत्तम. तूंच योग्य." "आणि माझें मत मी मलाच देणार." "देशील तें बरोबरच." "आणि तुमचें?" राव बाटल्या ओळींत लावीत होते. त्यांनीं एक बाटली उचलिली, तिचें नांव वाचिलें, पुन्हां वाचिलें. "म्हणजे, घरचेंच माणूस उभें राहिलें असतां घरच्यानेंच मत..." एवढें बोलोन ते थांबले. तें थांबणें बाईंनीं पाहिलें.

एवंच, नवव्या पेठेंत एका मतानें गादी राहिली आणि त्याच मतानें ग्रंथागार गेलें, तें जैसें कानीं आलें तैसें लिहिलें. अखेर चांदोरकरांचे घरीं तह ठरला कीं पुढील खेपेस मतपत्र येईल तें देवघरीं न नेतां जेवणाचे टेबलावर, बाईंचे समक्ष भरावें. तहावर रावांनीं सही केली. लेखणी बाईंनीं दिली, शाई काळी. शारदेचे दारास कुलूप पडलें हें लिहिलें त्या हातानें याहून अधिक लिहवत नाहीं. इति.