जिवंत दगडाची प्रकृती

ज्या शहराला स्वतःचा समुद्र नाही, त्या शहराची प्रगती खुंटते, हे आता सर्वांनीच मान्य केलं पाहिजे. अकोल्यापासून समुद्र सुमारे सहाशे किलोमीटर लांब आहे (तो जवळ आणण्याचं आश्वासन अद्याप कोणत्याही उमेदवाराने दिलेलं नाही). ही उणीव आमच्या कॉलनीतल्या कृषी सेवा केंद्रवाल्या गजेंद्रने स्वखर्चाने दूर केली. त्याने घरात चार फुटी काचेच्या टाकीत खारं पाणी भरलं आणि त्यात अठरा किलो जिवंत दगड सोडले.

जिवंत दगड म्हणजे समुद्रातला सच्छिद्र दगड. त्याच्या भोकाभोकांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि पाणी स्वच्छ ठेवतात. वऱ्हाडात दगडांना तोटा नाही, पण आपले सगळे मेलेले, हे आम्हाला तेव्हा कळलं. हे दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून विमानाने नागपूरला आले आणि तिथून एसी गाडीत घरी. गजेंद्रच्या आई पार्वताबाई डोळ्याचं ऑपरेशन करून नागपूरहून एसटीने आल्या होत्या, पण त्यांच्यात सूक्ष्म जीव नव्हते.

दगड रुळेपर्यंत पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर लागतं. मे महिन्यात आमचा पारा सेहेचाळीस. घरात एसी एकच, तोही पार्वताबाईंच्या खोलीत. गेल्या उन्हाळ्यात त्यांना ऊन लागलं तेव्हा डॉक्टरच्या सांगण्यावरून बसवलेला. सबब टाकी त्या खोलीत हलवण्यात आली. पार्वताबाईंना बाहेर काढलं, असं लोक बोलतात, ते साफ खोटं आहे. प्रवासात मेलेले जीव दगडातच सडून महिनाभर वास मारतात, ही शास्त्रीय प्रक्रिया आहे. त्या वासाने त्या स्वखुशीने गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत गेल्या.

"काहून रे बापा, या गोट्याले थंडी पाह्यजे, अन् मले नको काय?" असा एक अशास्त्रीय प्रश्न त्यांनी जाताना विचारला.

"अवं माय, तो जिवंत हाये!" गजेंद्रने समजावलं.

दगडांची निगा मात्र शिकण्यासारखी. रोज सकाळी तापमान, क्षार, अमोनिया यांची वहीत नोंद; एकेचाळीस दिवसांत एकही खाडा नाही. (पार्वताबाईंची बीपीची गोळी संपून सहा दिवस झाले होते, पण त्याची वही घातलेली नव्हती.) लाइट गेली की इन्व्हर्टर फक्त टाकीच्या पंपाला. वरचा पंखा बंद पडला तरी तो सडत नाही.

बेचाळिसाव्या दिवशी भर दुपारी दगडाच्या एका भोकातून किडा निघाला. नखाएवढा, डोक्यावर पिसांचा तुरा. गजेंद्रने आरोळी ठोकली, अख्खी कॉलनी धावली. मी स्वतः काचेला नाक लावून पंधरा मिनिटं उभा होतो. तेवढ्यात वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मांजर असेल, असं एकमताने ठरलं. मग तुऱ्याचा रंग शेंदरी की केशरी यावर वाद झाला, किड्याला भूक लागली असेल का यावर दोन तट पडले, आणि गजेंद्रच्या बायकोने, दामिनीने, पेढे वाटले.

संध्याकाळी सासूचा पेढा घेऊन ती वर गेली, तेव्हा पार्वताबाई दाराशी पडलेल्या होत्या. दवाखान्यात त्यांना तीन दिवस सलाइन लावलं (तेही खारं पाणीच, पण बाटलीभर). भेटायला आलेल्या चौदा जणांपैकी अकरा जणांनी आधी किड्याची चौकशी केली.

आता त्या लेकीकडे, शकुनकडे, हिवरखेडला असतात. गजेंद्र आणायला गेला तर म्हणाल्या, "तूच सांग, मी गोटा होऊन येऊ काय? मंग ठेवशीन थंड्या खोलीत?" गजेंद्र तसाच परतला, टाकीच्या तपासणीची वेळ झाली होती.

वाचकहो, आम्हाला खुशाल नावं ठेवा. पण वरून आवाज आला, तेव्हा तुम्हीही किड्याचाच रंग वाचत बसलात. जिना तिथंच होता.