बुडण्याचे प्रात्यक्षिक

अमूदर्या नदीच्या खालच्या टोकाला, आमच्या गावात, बुडत्यांना वाचवण्याचे सरकारी केंद्र आहे. तिथे एक होडी, एक शिट्टी, एक रबरी कडे आणि प्रमुख म्हणून सारसेनबाय आगा आहेत. नदी नाही. ती वरच्या कालव्यांतून कापसाच्या शेतांत वळली त्याला बरीच वर्षे झाली. पण जाताना तिने रीतसर कळवले नाही, त्यामुळे केंद्र चालू राहिले. होडीत बिबिसारा वहिनींच्या कोंबड्या अंडी घालत.

केंद्राच्या हद्दीत वर्षानुवर्षे कोणी बुडले नाही, ही कामगिरी वरच्या कचेरीच्या नजरेत भरली. बक्षीस जाहीर झाले. आगा सरळ माणूस. त्यांनी फोनवर सांगून टाकले, "साहेब, इथे बुडायला पाणीच नाही."

"यालाच खबरदारी म्हणतात," साहेब म्हणाले. "तुम्ही मूळ कारणच काढून टाकलंत."

मात्र बक्षिसाआधी तपासणी होणार होती. तपासनीस येऊन बुडत्याला वाचवण्याचे प्रात्यक्षिक बघणार, आणि ते जमले नाही तर केंद्र बंद. गाव हादरले. विजेची तार केंद्रासाठी म्हणून आली होती आणि बाकी सगळे गाव तिलाच लोंबकळत होते.

"नदीची सोय करावी लागेल," असे म्हणून जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या हाकीमसाहेबांनी हुकूम सोडला. कालव्याचे दार सकाळी उघडायचे आणि तपासनीस जेवायला बसले की लावायचे. आम्ही कोरड्या पात्रात खड्डा खणला. पाणी आले तेव्हा म्हातारी माणसे काठावर उभी राहून डोळे पुसू लागली. गाढवे एवढे पाणी बघून पळाली. नदी म्हटल्यावर मासे हवेत, म्हणून बाजारातून सुके मासे आणून सोडण्यात आले. ते उताणे तरंगू लागले.

"विश्रांती घेतायत," हाकीमसाहेबांनी आलेल्या तपासनिसांना खुलासा केला.

बुडण्यासाठी शाळेचे ओतेनियाज मास्तर निवडले गेले. ते काठाजवळ उतरले. पाणी गुडघ्यापर्यंत आले.

"हा माणूस तर उभा आहे," तपासनीस म्हणाले.

"मास्तर उंच आहेत, साहेब."

"मग खाली बसा, मास्तर. आणि ओरडा."

मास्तर बसले. "काय ओरडू?"

"शाळेत काय ओरडता?"

मास्तरांनी सवयीने आरोळी ठोकली, "शांत बसा."

तपासनीस वैतागले. "साधं बुडता येत नाही तुम्हाला. मी दाखवतो," म्हणत ते बूट काढून थेट मधोमध गेले, जिथे आम्ही उत्साहाच्या भरात जरा जास्तच खणले होते. तळाचा गाळ मऊ झाला होता. बघता बघता साहेब गळ्यापर्यंत आत गेले आणि "वाचवा" म्हणाले. हाकीमसाहेबांनी टाळ्या सुरू केल्या, तेव्हा आम्हालाही वाजवणे भाग पडले. साहेब पुन्हा ओरडले. या खेपेला टाळ्या जास्त पडल्या.

फक्त आगांना तपासनिसांचा राखेसारखा चेहरा दिसला. त्यांनी ते जुने रबरी कडे फेकले, त्याचे हवेतच तुकडे झाले. मग शिट्टी तोंडात धरून त्यांनी उडी मारली, साहेबांना मिठी मारली आणि दोघे मिळून रुतू लागले. शेवटी गावातल्या म्हाताऱ्या गुलाइम आजेने दोर आणला. त्याचे एक टोक आगांकडे फेकले आणि दुसरे हाकीमसाहेबांच्या गाडीला बांधले. गाडीने दोघांना बाहेर ओढले. शिट्टी अजून आगांच्या तोंडातच होती.

हद्दीत एक जण बुडता बुडता राहिल्याने बक्षीस बारगळले. पण त्याच कारणाने इथे धोका असल्याचे सिद्ध झाले आणि केंद्र कायमचे झाले. वीज टिकली. कालव्याचे दार ठरल्या वेळी लागले, पाणी वाळूत जिरले आणि त्या वाळूत एक फलक रोवला गेला: 'खोल पाणी. पोहण्यास मनाई.'

तपासनीस आजेच्या घरी गोधडीत गुरफटून दुधाचा चहा पीत बसले होते. दात वाजायचे थांबल्यावर त्यांनी विचारले, "आजे, एवढी मोठी नदी गेली तरी कुठे?"

आजे त्यांचा सदरा दोरीवर वाळत घालत होती. तिने कापड दोन बोटांत धरून पाहिले. "सुती ना रे बाबा?"

"हो. अस्सल सुती."

"मग अंगावर घालून फिरतोस, आणि मला काय विचारतोस?"

साहेबांनी चहात डोके घातले. आम्ही सगळ्यांनी खाली आपापल्या सदऱ्यांकडे पाहिले. हे वाचताना तुम्ही काय घालून बसला आहात, ते आम्ही विचारत नाही.