द्वारकाबाईंचा बसका केक

साहित्य: मैदा, पिठीसाखर, कोको, तूप, डब्यातलं घट्ट गोड दूध, खायचा सोडा. आणि तोंड. ते द्वारकाबाईंकडे भरपूर होतं.

"गंजाचं झाकण उचलंल, असा केक फुगवते," असं त्यांनी अख्ख्या कुरुंदा गावात सांगून ठेवलं होतं. साल दोन हजार तीन. वसमतच्या महिला मेळाव्यात केकची स्पर्धा, आणि समोर तांड्यावरची जिवनबाई, मागच्या साली पहिली आलेली. आता हरलं तर पिठाच्या गिरणीत वर्षभर खाली मान घालून उभं राहायचं.

कृती: सोडा चमचाभर पुरतो. जिवनबाईपेक्षा चौपट फुगावा म्हणून द्वारकाबाईंनी चार चमचे घातले. मोठ्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, वाळू तापवली, त्यात केकचं भांडं ठेवलं, वर झाकण. पाऊण तासानं उघडलं.

केक बसला होता. जेवण झालेल्या जावयासारखा. उठायचं नाव नाही.

"सोडा टाकला व्हता ना?" किसनरावांनी दारातून विचारलं.

"चार चमचे. बराबर मोजून. काहून?"

"काई न्हाई."

स्वयंपाकघराकडे कधी न फिरकणारा नवरा आज दारात का उभा, हे द्वारकाबाईंच्या डोक्यात आलं नाही.

इथं कृती संपते. पुढं इतिहास आहे.

वसमतला जिवनबाईनं ताटात वाकून पाहिलं. "बाई, ही गवरी वाळवायला आणली व्हय?"

"आमच्यात केक असाच असतो," द्वारकाबाई म्हणाल्या. मान ताठ.

परीक्षक रुख्मिणीबाई नांदेडला बेकरीचे पदार्थ शिकवायच्या. त्यांनी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. परीक्षक दुसरा खात नसतात.

"ही तर ब्राउनी! शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत कुणी बाई केकात फुगवायची पावडर टाकायला विसरली, त्यातून ही झाली म्हणतात. तुम्हीही विसरलात का?"

"आमी इसरत न्हाई. ठरवून केली."

पहिला नंबर.

गावात पोचेस्तोवर अमेरिका मागं पडली होती. "तिनं चुकून केली, म्या ठरवून," द्वारकाबाई गिरणीत सांगायच्या, दळण झालं तरी सांगायच्या. पुढच्या साली रुख्मिणीबाईंचं पत्र आलं: सगळ्यांसमोर करून दाखवा.

भरला मांडव. तोच गंज, तीच वाळू, तेच चार चमचे. केक चढवून अर्धा तास झाला तसे किसनराव घाम पुसत पुढं आले.

"अगं, ऐक जरा."

"गप बसा. इतिहास चालू हाय."

"त्या साली सोड्याच्या डब्यात पिठीसाखर व्हती. सोडा म्या पिऊन संपवला व्हता, जळजळीवर. तू वरडशील म्हणून डबा भरून ठेवला."

"अन् आता?"

"आता डाक्टरची गोळी चालू हाय. डब्यात सोडाच हाय."

तेवढ्यात केकनं झाकण उचललं. बोलल्याप्रमाणं, एक वर्ष उशिरा.

रुख्मिणीबाईंनी घास घेतला आणि पाणी मागितलं. जिवनबाई गोड आवाजात म्हणाली, "बाई, मग शोध लावला कुणी?"

द्वारकाबाईंनी झाकणाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. मान ताठच.

"आमच्या घरानं."

ब्राउनीची कृती त्यांनी त्याच दिवशी कागदावर लिहून दिली. कुरुंद्यात अजून तीच चालते. शेवटची ओळ अशी:

सोडा: घालू नये. नवऱ्याला द्यावा.